निरोपाचे जर्दाळू

उन्हाळ्यात आमच्या घराला अकरा खोल्या असतात.
आठ पाहुण्यांच्या, तीन आमच्या,
आणि मुटुप-आगू गच्चीवर, पत्र्याखाली,
एकटा, मजेत.
नोव्हेंबर लागला की घर आटत जातं
गरम पाण्यात पडलेल्या लोकरी मोज्यासारखं.
नळ गोठतात. दारं एकेक करून मिटतात.
उरते तेवढी एकच खोली, जिच्यात बुखारी पेटते.
आठ माणसं, एक धुराडं,
फळीवर तांब्या-पितळेची भांडी,
आणि त्या वर्षी मधोमध अबोला,
नववा माणूस,
ऐसपैस पाय पसरून बसलेला.

भांडण कशावरून, मला कुणी सांगितलं नाही.
खालच्या शेताचा कोपरा, सफेद्याची सात झाडं,
असलं काहीतरी.

आमच्या लेहकडे हाकेमागे ‘ले’ लागतो.
आबा-ले, आमा-ले, शाळेतले सर-ले.
मेमे-ले तर परक्या कुत्र्यालाही
‘जा बाबा-ले’ म्हणून हाकलतात.
तो ‘ले’ आगूच्या तोंडून गळून पडला
ऑक्टोबरात कधीतरी, दुधाचा दात पडावा तसा.
थोरल्या भावाला ‘अचो-ले’ म्हणणारा
नुसतं ‘अचो’ म्हणू लागला.
मग तेही नाही.

मी तेव्हा आठ वर्षांची, आणि अचानक फार कामाची.
आबा-ले म्हणत, ‘सांग त्या गाढवाला, लाकूड ओलं आहे.’
मी वळून सांगे,
‘आबा-ले विचारतात, दुसरं लाकूड आणू का?’
आगू म्हणे, ‘सांग तुझ्या बापाला, त्याचे हात मोडले नाहीत.’
मी सांगे,
‘आगू-ले म्हणतात, तुम्ही बसा, मीच आणतो.’

दोघांनी मूळचं ऐकलेलंच असे.
एका खोलीत न ऐकू येण्यासारखं काय असतं?
चहा घुसळायची गुरगुर, मेमे-लेंच्या पोटातली गुरगुर,
यांगदोल-ताईचं परीक्षेचं पाठांतर.
तरी दोघं माझ्या तोंडाकडे बघत थांबायचे
फिरवलेलं बोलणं कसं लागतं
ते चाखायला.

एका निरोपाला एक जर्दाळू.
आबा-लेंचा आंबट, चिवट.
आगू वर बी फोडून आतला गोड दाणाही द्यायचा.
ताई म्हणे, लबाड, दोन्हीकडून खातेस.
खात होते.
लोसारच्या जेवणाला दोघं शेजारी बसले,
तोंडं दोन डोंगरांकडे,
तेव्हा एकाच दिवसात एकोणीस जर्दाळू
आणि रात्रभर पोटदुखी.

मग जानेवारीत मला ताप आला.
त्याच रात्री, बाहेर उणे तेवीस, बुखारी विझली.
कुणीतरी उठलं.
थोड्या वेळानं आणखी कुणीतरी.
काडी ओढल्याचा आवाज, धूर, खोकला, पुन्हा काडी.
दोन सावल्या, आणि निरोप नेणारी झोपलेली.
झोपले नव्हते.
डोळे मिटून पडले होते, दुकानाची फळी ओढून घ्यावी तशी.

बराच वेळ नुसतं खोकणं.
मग आगू, दुसऱ्याच्या वहीतलं वाक्य वाचावं तसा,
‘धुराडं तुंबलंय.’
उत्तर नाही. राख खरवडल्याचा आवाज.
‘काजळी आहे,’ आबा-ले म्हणाले. राखेलाच बहुतेक.
‘तू खालून धर. मी ठोकतो.’
आणि पत्र्याच्या त्या ठणठणाटात
जेमतेम ऐकू येईल इतकं,
‘हळू, अचो-ले.
पोर उठेल.’

सफेद्याच्या झाडांचं पुढे काय झालं, विचारू नका.
जूनमध्ये दोघं पुन्हा भांडले.
अकरा खोल्या असल्या की भांडायला जागा भरपूर.

पण त्या सकाळी ताप उतरला होता.
दोघं काजळलेल्या तोंडांनी एकच खांबीर मोडून खात होते,
गॅसबद्दल, बर्फाबद्दल, विमान येणार की नाही याबद्दल
सरळ एकमेकांशी बोलत.
मी सवयीनं मधे जाऊन बसले.
दुपारपर्यंत हात पुढे करून पाहिला.
एकही जर्दाळू नाही.